कॉम्बी की सिलिंडर? आधी रस्त्यावरून येणारं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधलं तीन बेडरूमचं जुनं सेमी-डिटॅच्ड घर. लॉफ्टमध्ये थंड पाण्याची टाकी, वरच्या मजल्यावर एअरिंग कपबोर्डमध्ये (कपाटात) गरम पाणी साठवणारा तांब्याचा सिलिंडर आणि स्वयंपाकघरात वरचेवर बंद पडणारा बॉयलर. दोन माणसं बघून गेली. एक म्हणाला, सगळं काढा आणि कॉम्बी (पाणी न साठवता जागीच तापवणारा बॉयलर) लावा, कपाटही मोकळं होईल. दुसरा म्हणाला, बॉयलर बदला आणि मेन्स प्रेशरचा, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या दाबावर चालणारा, नवा सिलिंडर घ्या. घरात चौघं राहतात, आई-वडील दर उन्हाळ्यात काही महिने येतात, आणि पुढे-मागे लॉफ्टमध्ये खोली व दुसरी बाथरूम काढायचा विचार आहे. काय करावं?

मी गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी) नोंदणी असलेला हीटिंग इंजिनिअर आहे आणि दोन्ही प्रकार लावतो, त्यामुळे मला कुणाची वकिली करायची नाही. माझं मत आधीच सांगतो. एकच बाथरूम राहणार असेल तर कॉम्बी घ्या. दुसरी बाथरूम खरोखर होणार असेल तर सिलिंडर ठेवा, म्हणजे जुना नाही, नवा अनव्हेंटेड (तोच मेन्स प्रेशरचा, बंद). पण हे दोन्ही सल्ले ज्या एका गोष्टीवर उभे आहेत, ती त्या दोघांपैकी एकानंही मोजल्याचं तुमच्या प्रश्नात दिसत नाही. रस्त्यावरून तुमच्या घरात मिनिटाला किती लिटर पाणी येतं?

आत्ता तुमच्या शॉवरला येणारं गरम पाणी लॉफ्टमधल्या टाकीच्या उंचीवर चालतं. टाकी शॉवरच्या तोटीपेक्षा दीड मीटर वर असेल तर दाब मिळतो साधारण ०.१५ बार. मेन्सचा दाब बहुतेक ठिकाणी २ ते ४ बार असतो. कॉम्बी असो वा अनव्हेंटेड सिलिंडर, दोन्हींत लॉफ्टमधली टाकी जाते आणि गरम पाणी थेट मेन्सच्या दाबावर येतं. म्हणूनच नवीन काहीही बसवलं की लोक खूश होतात आणि श्रेय बॉयलरला देतात. खरं काम मेन्स करत असतो. आणि मेन्सच दुबळा असेल, तर महागातला महाग बॉयलरही त्यात एक थेंब वाढवू शकत नाही.

मोजणं सोपं आहे. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ (तो जवळजवळ नेहमी थेट मेन्सवर असतो) पूर्ण उघडा आणि दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, ३० लागले तर २०, मिनिटभर लागला तर फक्त १०. अंगणात नळ असेल तर तिथेही मोजा, कारण कधी कधी स्वयंपाकघरातला नळच बारीक असतो. मग दोन्ही नळ एकदम उघडून दोन्हींची बेरीज काढा. हे सगळं सकाळी साडेसात-आठच्या सुमारास करा. दुपारी दोनला गल्ली झोपलेली असताना काढलेला आकडा तुमच्या कामाचा नाही. बागेच्या नळाला लावायचा प्रेशर गेज स्वस्तात मिळतो. तो लावून सगळे नळ बंद असतानाचा दाब बघा, मग घरातला दुसरा नळ उघडून बघा. बंद असताना ४ बार आणि नळ उघडताच १ बार, असं दिसलं तर दाब ठीक आहे, पण येणारी पाइपलाइन अरुंद आहे. जुन्या घरांत शिशाचा पाइप किंवा शेजाऱ्याशी सामाईक जोडणी असते, व्हिक्टोरियन काळातल्या टेरेसमध्ये (एकमेकांना चिकटलेल्या रांगेतल्या घरांत) तर हमखास. पाणी कंपनीवर कायद्यानं बंधन आहे ते रस्त्यावरच्या पाइपात ०.७ बार दाब ठेवण्याचं, त्यामुळे ‘दाब कमी आहे’ अशी नुसती तक्रार करून फारसं काही होत नाही. हद्दीवरच्या स्टॉप टॅपपासून (पाणी बंद करायच्या मुख्य नळापासून) घरापर्यंतचा पाइप तुमच्या मालकीचा. तो बदलून २५ मि.मी. प्लास्टिकचा टाकणं हे खोदकामाचं आणि खर्चाचं काम आहे, पण काही घरांत बॉयलर बदलण्यापेक्षा तेच आधी करायला हवं.

मिनिटाला १० लिटरच येत असतील तर अनव्हेंटेड सिलिंडरवर पैसे घालू नका. त्याला चांगलं चालायला किमान २० लिटर आणि दीड बारच्या आसपास लागतं. १० लिटरवर छोटा कॉम्बी चालेल, पण एका वेळी एकच नळ. आणि पाइप बदलणं शक्यच नसेल तर तुमची आत्ताची टाकी आणि त्यावर शॉवर पंप ही रचना अजिबात मागासलेली नाही. टाकी सावकाश भरते आणि पंप जोरात काढतो. हाच पंप कॉम्बीला किंवा थेट मेन्सला लावता येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

आता कॉम्बी. हा मुळात गॅसवरचा इन्स्टंट गिझरच आहे, जोडीला रेडिएटर गरम करणारा. पाणी साठवत नाही, तर नळ उघडला की पेटतो. त्याची मर्यादा मतांवर नाही, भौतिकशास्त्रावर ठरते. मिनिटाला एक लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे २.४ किलोवॅट लागतात. जानेवारीत मेन्सचं पाणी ५ अंशांवर येतं आणि अंघोळीला ४० अंश हवं, म्हणजे फरक नेमका ३५. म्हणून २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो, ३० चा १२ आणि ३५ चा १४. साधा शॉवर ८-९ लिटर घेतो. ते मोठं छतासारखं रेन-हेड १२ च्या वर जातं. दोन शॉवर एकदम म्हणजे १६ ते १८ लिटर. ४० किलोवॅटचा कॉम्बीही तिथे काठावर येतो.

जाहिरातीत लिहिलेला लिटरचा आकडा वाचताना शेजारी बारीक अक्षरात ‘३० अंश वाढ’ लिहिलंय की ‘३५ अंश’ ते बघा. तोच बॉयलर ३० अंशांवर सतरा टक्के जास्त पाणी ‘देतो’.

तुमच्या बाबतीत एक गंमत आहे. घरात माणसं सर्वांत जास्त असतात ती उन्हाळ्यात, आणि तेव्हा मेन्सचं पाणी १५ अंशांच्या वर असतं. तोच ३० किलोवॅटचा कॉम्बी तेव्हा मिनिटाला १६-१७ लिटर तापवू शकतो, मेन्सनं तेवढं दिलं तर. म्हणजे ‘आई-बाबा येतात म्हणून मोठा बॉयलर’ हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. शिवाय बादलीनं अंघोळ करणारा माणूस २०-२५ लिटरांत आटोपतो. नरक चतुर्दशीला पहाटे सहा जणांचं अभ्यंगस्नान एकापाठोपाठ एक झालं, तरी दीडशे लिटरांचं काम. कॉम्बीला ते काहीच नाही, कारण त्याचं पाणी संपत नाही, फक्त एका वेळी थोडं येतं. सिस्टिम कोलमडते ती वीस मिनिटं शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या किशोरवयीन मुलांमुळे. तुमची मुलं आज किती वर्षांची आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बॉयलर बारा-पंधरा वर्षं टिकतो, तेव्हा त्यांची पुढची वयं धरून हिशेब करा.

कॉम्बीचे जे त्रास विकणारा सांगत नाही ते असे. बहुतेक कॉम्बी मिनिटाला दोनेक लिटरांखालच्या प्रवाहाला पेटतच नाहीत. हात धुवायला नळ बारीक उघडायची सवय असेल तर थंडच पाणी येत राहतं. दुसरं, नळ उघडल्यावर बॉयलर पेटून तापेपर्यंतचं आणि मधल्या पाइपातलं पाणी वाया जातं. १५ मि.मी.च्या पाइपात दर मीटरला सुमारे ०.१५ लिटर पाणी असतं, २२ मि.मी.मध्ये ०.३ च्या वर. बॉयलर तळमजल्यावर आणि बाथरूम वर दुसऱ्या टोकाला, मधला पाइप जुना २२ चा, असं असेल तर अर्धा मिनिट थांबणं आलंच. तिसरं, लंडन आणि दक्षिण-पूर्व इंग्लंडात पाणी कठीण आहे. कॉम्बीतला प्लेट हीट एक्स्चेंजर (नळाचं पाणी तापवणारा भाग) तिथे चुन्यानं भरत जातो आणि पाणी गरम-गार-गरम येऊ लागतं. यावर एक फुकटचा उपाय आहे. कॉम्बीचं पाण्याचं तापमान ६० वर ठेवू नका, ४८-५० वर आणा. साठवण नसल्यामुळे जंतूंसाठी ६० ची गरज नसते, आणि चुना जास्त तापमानालाच बसतो. स्कॉटलंड, वेल्स किंवा मँचेस्टरकडे असाल तर हा चुन्याचा मुद्दा विसरा.

आणि गॅसचा पाइप. जुन्या बॉयलरला १५ मि.मी.चा पाइप पुरत होता. ३० किलोवॅटच्या कॉम्बीला मीटरपासून बहुतेक वेळा २२ मि.मी. लागतो, अंतर जास्त असेल तर २८. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलीबारपेक्षा जास्त पडता कामा नये असा नियम आहे. ज्या कोटेशनमध्ये गॅस पाइपाचा उल्लेखच नाही ते स्वस्त दिसतं. काम सुरू झालं की मग ‘हे एक्स्ट्रा’ येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे येतच नाही.

आता सिलिंडर. अनव्हेंटेड सिलिंडर म्हणजे मेन्सच्या दाबाखालची बंद टाकी. २०० लिटर पाणी ६० अंशांवर साठवलं की नळाशी थंड मिसळून ४० अंशांचं ३०० लिटरांच्या आसपास मिळतं. दोन शॉवर एकदम चालू ठेवले तरी पंधरा-वीस मिनिटं निघतात, आणि दोन्हीकडे धार तशीच राहते. संपलं की मात्र संपलं. बॉयलरनं पुन्हा तापायला साधारण पाऊण तास, नुसत्या ३ किलोवॅटच्या इमर्शन हीटरनं (सिलिंडरच्या आतल्या विजेच्या हीटरनं) सुमारे चार तास. हा इमर्शन हीटर लोक विसरतात. डिसेंबरात बॉयलर बंद पडला आणि इंजिनिअर तीन दिवसांनी येणार असेल, तर सिलिंडरवाल्या घरात अंघोळी चालू राहतात. कॉम्बीवाल्या घरात किटलीवर पाणी तापवतात.

‘सिलिंडरमधून उष्णता वाया जाते’ हे तुम्हाला नक्की सांगितलं गेलं असणार. जुन्या, लाल जॅकेट गुंडाळलेल्या तांब्याच्या सिलिंडरबाबत ते खरं होतं. आजचा फॅक्टरीतूनच फोम लावून आलेला २०० लिटरचा सिलिंडर दिवसाला सुमारे दीड युनिट उष्णता गमावतो, म्हणजे वर्षाला साडेपाचशे युनिट. गॅस युनिटला ६ पेन्सच्या आसपास धरला तर ३५-४० पाउंड, आणि हिवाळ्यात त्यातला बराच भाग घरातच राहतो. मी तरी एवढ्या रकमेवर निर्णय घेणार नाही.

अनव्हेंटेडवर कायद्याची बंधनं जास्त आहेत, आणि ती योग्यच आहेत. दाबाखालचं पाणी १०० अंशांपलीकडे गेलं आणि टाकी फुटली तर घर उडतं. म्हणून थर्मोस्टॅट, त्यावर वेगळा कट-आउट, आणि त्याही पलीकडे ९०-९५ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह अशी तिहेरी सोय असते. तो व्हॉल्व्ह जे पाणी सोडेल ते टंडिशमधून (नरसाळ्यासारख्या उघड्या जोडातून), दिसेल अशा रीतीनं, तेवढं तापमान सोसणाऱ्या पाइपानं सुरक्षित जागी बाहेर न्यावं लागतं. लावणारा माणूस जी-थ्री पात्रता (अनव्हेंटेड सिलिंडरच्या कामाची) असलेलाच हवा, नुसतं गॅस सेफ कार्ड पुरत नाही. काम बिल्डिंग कंट्रोलला (बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेला) कळवावं लागतं, आणि वॉरंटी टिकवायला दरवर्षी सर्व्हिस करून घ्यावी लागते. तुमच्या कपाटापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत हा डिस्चार्ज पाइप कसा जाईल, हा प्रश्न दुसऱ्या माणसाला विचारा. त्याचं उत्तर तयार नसेल तर त्यानं जागा नीट बघितलेलीच नाही. वयस्कर माणसं घरात असतील तर शॉवरला आणि बाथच्या नळाला थर्मोस्टॅटिक मिक्सर हवाच. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि कोटेशनमध्ये कधीच नसते. तुमच्यासारख्या घराला कडाक्याच्या थंडीतही रेडिएटरसाठी ५ ते ८ किलोवॅटच लागतात. कॉम्बी ३० चा घेतला जातो तो केवळ शॉवरसाठी. बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालू शकतो, याला इथे महत्त्व येतं. ३० चा बॉयलर ६ च्या खाली उतरू शकत नसेल, तर ऑक्टोबर आणि एप्रिलसारख्या कमी थंडीच्या महिन्यांत तो सतत पेटत-विझत राहतो, गॅस खातो आणि झिजतो. ३ किंवा त्याखाली उतरणारा मॉडेल निवडा आणि लावणाऱ्याला हीटिंगची कमाल मर्यादा सेटिंगमधून कमी करायला सांगा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही.

फ्लो तापमानाचंही (बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाचंही) तसंच. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा) खरी बचत करतो तो परतीचं पाणी ५५ अंशांखाली आलं तरच. कॉम्बीमध्ये हीटिंगचं तापमान वेगळं आणि नळाच्या पाण्याचं वेगळं ठेवता येतं, त्यामुळे हीटिंग ५५ वर आणणं सोपं. सिलिंडरच्या नेहमीच्या जोडणीत (इथले लोक ज्याला एस-प्लॅन म्हणतात) बॉयलर दोन्हींना एकच तापमान देतो. सिलिंडर ६० ला न्यायचा म्हणजे बॉयलर ७० वर, आणि रेडिएटरही फुकट ७० वर. यावर उपाय म्हणजे हॉट वॉटर प्रायॉरिटी. सिलिंडर तापताना बॉयलर जास्त तापमानावर जातो, रेडिएटर तेवढा वेळ थांबतात, आणि मग हीटिंगसाठी तो खाली उतरतो. बॉयलर आणि कंट्रोल ते करू शकणारे हवेत, आणि वायरिंग तशी हवी. सिलिंडर घेणार असाल तर माझी ही एकच अट समजा. हे केलं नाही तर सिलिंडरवाला पर्याय उगाच महाग पडतो आणि दोष सिलिंडरला जातो.

हीट पंपचं (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या यंत्राचं) काय? पुढची सिस्टिम तीच असण्याची शक्यता मोठी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून एअर सोर्स (बाहेरच्या हवेवर चालणाऱ्या) हीट पंपला बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी योजनेतून ७,५०० पाउंड अनुदान मिळू लागलं. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे. घरगुती हीट पंप ५ ते १२ किलोवॅटचा असतो. वरचा हिशेब लावलात तर लक्षात येईल की तो वाहतं पाणी जागच्या जागी तापवू शकत नाही. त्याला सिलिंडर लागतोच. आज कपाट मोडून तिथे शेल्फ केले, तर दहा वर्षांनी त्याच सिलिंडरसाठी जागा शोधत बसाल. म्हणून सिलिंडर घेतलाच तर आतली कॉइल (पाणी तापवणारं नळीचं वेटोळं) मोठी, ३ चौरस मीटरच्या आसपासची घ्या. गॅस बॉयलरवर तो उलट लवकरच तापतो आणि उद्या हीट पंपालाही चालतो. छतावर सोलर पॅनल असतील किंवा रात्रीची स्वस्त वीज घेत असाल, तर इमर्शनवर पाणी तापवून ठेवता येतं ते वेगळंच. कॉम्बीमध्ये यातलं काहीही साठवायला जागा नाही.

मग तुमचं घर. लॉफ्टमध्ये खोली काढलीत तर टाकी तशीही जाणार, म्हणजे आत्ताची रचना फार दिवसांची नाही. दुसरी बाथरूम तीन वर्षांत नक्की होणार आणि मेन्स २० लिटर देतो, तर आत्ताच साध्या १५-१८ किलोवॅटच्या सिस्टिम बॉयलरवर (सिलिंडरला जोडायच्या बॉयलरवर) २१० लिटरचा अनव्हेंटेड सिलिंडर, त्याच कपाटात. मेन्स १५ च्या आसपास असेल, दुसरी बाथरूम फक्त ‘बघू’ असेल आणि पैसे आत्ता वाचवायचे असतील, तर ३० चा कॉम्बी. पुढे बाथरूम झालीच तर तिथे इलेक्ट्रिक शॉवर. तो हिवाळ्यात मिनिटाला चारेक लिटरच देतो, पण बॉयलर बंद पडला तरी चालू राहतो. ‘मोठा, ४० चा कॉम्बी घ्या म्हणजे दोन्ही होईल’ हा तिसरा सल्ला मिळेल. त्यासाठी गॅसचा पाइप, मेन्स आणि बॉयलरचं किमान आउटपुट ही तिन्ही गणितं जुळावी लागतात, आणि अशी घरं मला क्वचितच भेटतात. आत ४०-६० लिटरची छोटी टाकी असलेले स्टोरेज कॉम्बी मधला मार्ग वाटतात. चांगले आहेत, पण तुमच्या गरजेला मला ते धड इकडचे ना तिकडचे वाटतात.

कोणताही मार्ग घेतलात तरी हीटिंगचं सर्किट आता उघड्या टाकीवरून बंद, १ ते दीड बारच्या दाबावर जाईल. जुने रेडिएटर व्हॉल्व्ह आणि फरशीखालचे जोड हा दाब पहिल्यांदाच बघणार आहेत, त्यामुळे गळती निघाली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं ते आधी लिहून घ्या. सिस्टिम धुणं, चुंबकी फिल्टर आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) कोटेशनमध्ये असायला हवं. कॉम्बी घेतलात तर इंग्लंडात एप्रिल २०१८ पासूनच्या बॉयलर प्लस नियमाप्रमाणे वेळ-तापमान कंट्रोलशिवाय आणखी एक गोष्ट द्यावी लागते. तिथे स्मार्ट थर्मोस्टॅटच्या चकाकीपेक्षा वेदर कॉम्पेन्सेशन मागा. बाहेर एक छोटा सेन्सर लागतो आणि बॉयलर हवामानाप्रमाणे तापमान आपोआप कमी-जास्त करतो. जुना शॉवर पंप असेल तर तो काढायचा आहे हे सांगून ठेवा, आणि शॉवरचा मिक्सर फक्त कमी दाबासाठीचा असेल तर तोही बदलावा लागेल.

आणि तांब्याचा जुना सिलिंडर भंगारात बऱ्या भावानं जातो. तो कोण नेणार, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या.